मिस्त्रींचं मोरोक्को

मिस्त्रींनी हयातभर दुसऱ्यांच्या घरात फरश्या बसवल्या. न्हाणीघरं, ओटे, जिने, दवाखान्यांचे व्हरांडे, एका बँकेचा अख्खा तळमजला. त्यांनी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलत नाही, अशी त्यांची ख्याती होती, आणि ख्यातीवाल्या माणसाची असते तशी त्यांची जीभही जरा तिखट होती. पण गुडघ्यांना ख्यातीशी काय देणंघेणं? ओल्या सिमेंटशेजारी उकिडवं बसून बसून ते झिजत गेले, आणि एका सकाळी एका जहाजावरच्या निवृत्त डॉक्टरांच्या न्हाणीघरात मिस्त्री बसले ते उठेचनात. दोघांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. त्या दिवसापासून थापी बंद झाली.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. आता घरात मिस्त्री, मुलगा आणि सूनबाई. मुलगा शीतगृहात यंत्रं सांभाळायचा आणि घरीही यंत्रासारखाच, गरज पडली तर आवाज करायचा. सूनबाई दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. दंतवैद्यांकडून तोंडाची मापं यायची, त्यावरून ती मेणात एकेक दात रोवून कुणाकुणाचं हसू उभं करायची. त्या हसूवाल्यांना ती कधी भेटत नसे.

सून म्हणून घरात येऊन तिला नऊ वर्षं झाली होती. सासऱ्यांशी तिचं बोलणं म्हणजे "चहा ठेवू का?" आणि "औषध घेतलंत ना?" एवढंच. भांडण कधीच नव्हतं. पण भांडायलाही थोडी ओळख लागते, आणि तेवढीही त्यांची झालेली नव्हती.

स्वयंपाकघराच्या दाराशी एक कॅलेंडर टांगलेलं होतं. फरश्यांच्या दुकानदारानं कधीकाळी वाटलेलं, बाराही महिने मोरोक्कोची चित्रं. त्या वर्षाला सात वर्षं होऊन गेली, तरी कॅलेंडर मार्चवरच थांबलेलं. मार्चच्या पानावर एक अंगण होतं. मधे पाण्याचं उथळ कुंड, चारी बाजूंना भिंती, आणि भिंतींवर निळ्या-हिरव्या तुकड्यांच्या चांदण्या. एकेका चांदणीत शंभरेक तुकडे असतील. एका खांबाशी कुणीतरी जोडे काढून ठेवले होते. जोडेवाला मात्र चित्रात कुठे दिसत नव्हता.

चार महिने मिस्त्री जिना उतरले नव्हते. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे ते बसूनच राहायचे. मग एका सकाळी न्याहारीला पाव चहात बुडवता बुडवता म्हणाले,

"मला मोरोक्कोला जायचंय."

मुलगा हसला. "आधी खालच्या पेटीतलं टपाल तरी आणून दाखवा, बाबा. मग मोरोक्को."

मिस्त्रींनी बुडवलेला पाव तोंडात घातला. सूनबाईचं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं. तर्जनी टेबलावर फिरत होती, सांडलेल्या चहाच्या थेंबातून बाहेर, परत आत. आठ टोकं झाली की बोट पहिल्या टोकाशी नेमकं येऊन मिळत होतं.

दिवसभर कामात तिला ते बोट दिसत राहिलं. चिमट्यात दात धरला की वाटायचं, आपणही हेच करतो. तुकड्याला तुकडा भिडवतो आणि मधली फट कुणाला दिसू देत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर तिनं चहा ठेवला आणि नऊ वर्षांत प्रथमच चहाव्यतिरिक्त काहीतरी विचारलं.

"बाबा, मोरोक्कोच का?"

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. प्रश्नात खोडी आहे का ते तपासत असावेत. मग म्हणाले,

"त्या जहाजवाल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिथल्या फेज नावाच्या गावात कारागीर फरशी उलटी लावतात."

"उलटी म्हणजे?"

"रंगीत बाजू खाली, मातकट पाठ वर. हजार तुकडे लावायचे आणि त्यातल्या एकाचाही रंग आपल्याला दिसायचा नाही. सगळं मांडून झालं की वरून सिमेंटचा माल ओतायचा. सुकला की अख्खा तुकडा उचलून उलटा करायचा. तोवर त्या माणसाला स्वतःलाच माहीत नसतं आपण काय केलंय." ते थांबले. "मी बेचाळीस वर्षं बघत बघत लावलं, सूनबाई. एक डोळा मिटून, मान तिरकी करून, पुन्हा पुन्हा बघून. हे लोक न बघता कसे लावत असतील?"

सूनबाईनं कप खाली ठेवला.

"आमच्याकडे तसंच करतात."

"दातांचं?"

"हो. दात आधी मेणात रोवायचे. मग ते पितळी डबीत प्लास्टरमधे गाडायचे आणि गरम पाण्यानं मेण वितळवून टाकायचं. मेण गेलं की दात प्लास्टरला चिकटून राहतात, तोंडं आत, पाठ आपल्याकडे. पाठीमागून गुलाबी माल दाबायचा. शिजवायचा, थंड करायचा, प्लास्टर फोडायचं. तेव्हा कुठे कळतं काय झालंय ते."

"खोटं."

"खोटं कशाला बोलू? तुमची कवळी अशीच झालीय."

मिस्त्रींनी नकळत तोंडावर हात ठेवला. जणू तोंडात कुणीतरी त्यांना न सांगता फरशी बसवून गेलं होतं.

"दाखव," ते म्हणाले.

"खाली उतरलात तर दाखवते."

तिच्या तोंडून ते सहज निघून गेलं. पण दुसऱ्या दिवशी ती कामावर निघाली तेव्हा मिस्त्री दारात काठी घेऊन उभे होते, पायात चपला घालून.

जिन्याला चोपन्न पायऱ्या होत्या. पहिल्या दिवशी मिस्त्री नऊ उतरले आणि परत चढायला त्यांना अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवशी अकरा. चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशींनी आपल्या दाराबाहेर एक खुर्ची आणून ठेवली आणि आत जाऊन मशीन चालू केलं. मिस्त्री त्या खुर्चीवर बसायचे, दम घ्यायचे, आणि बसल्या बसल्या जिन्याच्या फरशीला नावं ठेवायचे. कुणी गाढवानं बसवलीय, उतार भिंतीकडे काढलाय, पाणी जाणार कुठे.

दरम्यान सूनबाईनं नकाशा आणला. उलगडल्यावर एवढा मोठा निघाला की टेबलावर मावेना. म्हणून रविवारी दुपारी तो स्वयंपाकघरात जमिनीवर पसरला. मिस्त्री पाटावर, ती मांडी घालून. चारी कोपऱ्यांवर चार वाट्या. डावीकडे निळा समुद्र, उजवीकडे खाली पिवळट काहीच नाही. मधे डोंगरांच्या तपकिरी सुरकुत्या.

"विमान इथे उतरतं. कॅसाब्लांका," तिनं बोट ठेवलं. "तिथून आगगाडी. समुद्राच्या कडेकडेनं रबात. मग आत वळून मेकनेस, मग फेज."

"म्हणजे दुसरा मजला कॅसाब्लांका," मिस्त्री म्हणाले. "पहिला मजला रबात."

"आणि फेज?"

"खालची टपालपेटी."

हे कसं पसरलं कुणास ठाऊक, पण आठवड्याभरात अख्ख्या इमारतीला कळलं. मावशी शिवता शिवता आतून विचारायच्या, "आज कुठवर, मिस्त्री?" आणि मिस्त्री गुडघा चोळत उत्तर द्यायचे, "कॅसाब्लांकाच्या पुढे गाडी निघत नाही आज. इंजिनात बिघाड आहे."

त्या रविवारांच्या दुपारी घराला एक वेगळीच गुंगी यायची. पडद्यातून येणारं ऊन नकाशावरून सरकत जायचं. तीन वाजता ते समुद्रावर असायचं, चारला डोंगरांवर, आणि पाचच्या सुमारास पिवळ्या भागात शिरून तिथेच विरून जायचं. सूनबाई वाचनालयातून आणलेली पुस्तकं मोठ्यानं वाचायची. फेजच्या जुन्या गावात म्हणे गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की गाड्या जात नाहीत, गाढवांवरून माल जातो, आणि मागून हाक आली की माणसानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. मिस्त्री डोळे मिटून ऐकायचे. त्या गल्लीतून ते चालतायत हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. कधी मधेच म्हणायचे, "थांब, इथे जरा बसू." आणि ती खरंच वाचायची थांबायची. दोघंही मग काही क्षण कुठल्यातरी ओट्यावर बसल्यासारखी बसून राहायची. खाली रस्त्यावर कुणाची तरी सायकल जायची, आणि ती सायकल या गल्लीत कशी आली, असं तिला वाटून जायचं.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मिस्त्री टपालपेटीपाशी पोचले. पेटीत वीज बिल होतं. ते त्यांनी लेकाच्या ताटाशेजारी ठेवलं आणि जेवायला बसले. मुलगा बिलाकडे बघत राहिला, मग बापाकडे. हसला मात्र नाही.

सूनबाईनं शब्द पाळला. पुढच्या सुट्टीच्या दिवशी गाडी करून ती मिस्त्रींना प्रयोगशाळेत घेऊन गेली. मालकीणबाईंची परवानगी आधीच काढली होती. खोली लांबट, प्लास्टरच्या भुकटीनं पांढुरकी. फळ्यांवर ओळीनं जबडे, प्रत्येकावर वैद्याचं नाव आणि आकडा. मिस्त्री एखाद्या देवळात शिरावं तसे काठी न वाजवता शिरले.

तिनं डबीचे दोन भाग वेगळे करून त्यांच्यासमोर धरले. गरम पाण्याची वाफ अजून येत होती. मेण वाहून गेलं होतं, आणि पांढऱ्या प्लास्टरच्या खोबणीत चौदा दात बसलेले होते, पाठी बाहेर, तोंडं आत गाडलेली.

मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आता तुला कसं कळतं, पुढून ओळ सरळ आहे का ते?"

"मेणात असतानाच बघून घ्यायचं. नंतर बघता येत नाही. नंतर भरवसा ठेवायचा."

"चुकलं तर?"

"चुकतं कधी. मग परत पहिल्यापासून."

मिस्त्रींनी एक बोट त्या ओळीवरून हळूच फिरवलं. फरशीचा सांधा तपासताना फिरवतात तसंच.

"नऊ वर्षं तू हे करतेस, आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"हं." परतीच्या वाटेवर गाडीत ते बाहेरच बघत होते. घर जवळ आल्यावर म्हणाले, "हात सरळ आहे तुझा." बेचाळीस वर्षांत हे त्यांनी कुणाकुणाला म्हटलं असेल ते बोटांवर मोजता आलं असतं. सूनबाईला ते ठाऊक नव्हतं. तरी त्या रात्री तिला झोप फार छान लागली.

यानंतर बेत खरा झाला. सूनबाईनं एक वही केली. तिला मिळणारी रजा आठ दिवसांची. त्या आठ दिवसांची तिनं तासातासाची आखणी केली. कुठे जिने आहेत, कुठे बसायला जागा आहे, कुठल्या मुक्कामात खोली तळमजल्यावर मिळते. मिस्त्री रोज रबातपर्यंत जाऊन येऊ लागले. नणंदेला सुगावा लागला तसा तिचा फोन आला.

"वहिनी, मी काय ऐकतेय? सासऱ्याला घेऊन सून परदेशात फिरणार? लोक काय म्हणतील?"

मिस्त्रींनी सूनबाईकडून फोन मागून घेतला.

"ताई, लोकांना सांग, मिस्त्री अजून जिन्यातच आहे. विमानात बसला की तोंडं उघडा." आणि फोन ठेवून दिला.

आता खरी गोष्ट अशी की त्या वहीत हळूहळू एक गोष्ट शिरत होती, जिच्याशी मिस्त्रींचा काही संबंध नव्हता. एका पुस्तकात सूनबाईला एक चित्र दिसलं. वाळूची उंच टेकडी, मावळतीचं ऊन, टेकडीच्या धारेवरून पावलांची एकच ओळ वर गेलेली. बाकी काही नाही. झाड नाही, माणूस नाही, घर नाही. ती आधी पान उलटून पुढे गेली, मग मागे आली. पुस्तक परत करायची तारीख उलटली तरी ते तिच्या पिशवीतच राहिलं.

कामावर मेण तापवताना तिला ती वाळू दिसायची. मेणाचा रंगही तसाच, गुलाबीसर पिवळा. दिवसभर ती माणसांच्या तोंडाएवढ्या जागेत काम करायची, सुतासुतानं. घरी आली की तीन खोल्या, आणि खोल्यांत तीन माणसांचं सामान. आणि तिथे म्हणे नजर जाते ती जातच राहते, अडायला काही नसतंच. तिला लहानपणापासून वाटायचं की आपली नजर कुठेतरी पुरती उलगडायची राहून गेलीय. घडी घालून ठेवलेल्या चादरीसारखी. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तिनं वहीत सहाव्या-सातव्या दिवसापुढे नुसतं लिहिलं: मर्झूगा, वाळवंट.

मिस्त्रींनी ते वाचलं होतं.

मग उत्तर आलं. सूनबाईनं फेजमधल्या एका कारखान्याला पत्र धाडलं होतं की माझे सासरे जुने फरशी कारागीर आहेत, त्यांना तुमचं काम बघता येईल का. उत्तर कारखानदाराच्या मुलीनं लिहिलं होतं, मोडक्यातोडक्या पण मायेच्या इंग्रजीत. तुमच्या वडिलांचं स्वागत आहे. तुम्ही येताय त्याच आठवड्यात आम्ही एका कारंज्याचा मोठा भाग मांडायला घेतोय. मांडायला तीन दिवस, माल ओतून सुकायला दोन, सहाव्या दिवशी उलटायचा. पण एकच गोष्ट. नुसतं उलटताना बघायला येऊ नका. त्यात काही नाही. मांडताना बसलात तरच उलटण्यात अर्थ.

सूनबाईनं वाचून दाखवलं. वही समोरच उघडी होती. फेजला सहा दिवस दिले, तर येण्याजाण्याचे दोन धरून आठही संपले. वाळवंटाला जायला फेजहून एक अख्खा दिवस, यायला एक. तिनं पेन्सिल घेतली आणि मर्झूगावर काट मारायला हात नेला. मिस्त्रींनी तिचं मनगट धरलं.

"ते राहू दे. कारखाना खोड."

"बाबा, तुम्ही जाताय कशासाठी?"

"फरश्या मी पुष्कळ बघितल्या. तू वाळू कधी बघितलीस?"

"वाळूत काय बघायचंय? बांधकामावर ढीग असतो." असं म्हणाली खरी, पण तिचा आवाज तिलाच परका वाटला.

मिस्त्रींनी मनगट सोडलं. नकाशाच्या कडेला दिसणाऱ्या जमिनीवर त्यांनी हात टेकला. स्वयंपाकघराची जमीन साध्या सिमेंटची होती, कडेला भेगा पडलेली. फरशीवाल्याच्या घरात फरशी नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं सूनबाईला घरात आल्या दिवशी वाटलं होतं. पण विचारायची हिंमत झाली नव्हती.

"तुझी सासू दर रविवारी म्हणायची," मिस्त्री म्हणाले, "या स्वयंपाकघराला एकदा फरशी बसवा हो. मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. आणि पुढच्या रविवारी कुणाचं तरी न्हाणीघर अडलेलं असायचं. मग हे कॅलेंडर आलं. तिनं ते मार्चवर ठेवलं, पुढे सरकवूच दिलं नाही. म्हणाली, एवढं अंगण नको मला, यातला एक कोपरा दिलात तरी चालेल. मी म्हटलं, देतो. पुढच्या रविवारी."

बाहेर ऊन डोंगरांवर आलं होतं. सूनबाईनं विचारलं,

"मग आता बसवून घ्यायची का? जायच्या आधी?"

"नको. ती जिथे उभी राहायची ते असंच होतं. असंच राहू दे." त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. "पण तुझं वाळवंट मी पुढच्या रविवारावर टाकणार नाही."

"आणि तुमचं उलटणं मी टाकायचं?"

चहा झाला. वाट्या उचलल्या, नकाशा घडी घालायला घेतला. तो नेहमीप्रमाणे चुकीच्या घडीत अडकला. तेव्हा मिस्त्री एकदम म्हणाले,

"आपण दोघांनी एकाच जागी असायला पाहिजे, असं कुणी सांगितलंय?"

सूनबाईनं नकाशा तसाच धरून ठेवला.

"मी तिथे सहा दिवस बसूनच असणार," मिस्त्री म्हणाले. "पाटावर बसायचं आणि बघायचं. त्यात तुझं काय काम? मला खायला घालतीलच की ते लोक. तू मला पोचव, आणि जा तुझ्या वाळूत. सहाव्या दिवशी ये, मला उचल."

रात्रीच्या जेवणाला हे मुलाच्या कानावर घातलं. त्याचा घास हातातच राहिला.

"बाबांना परक्या गावात एकटं सोडायचं, आणि तू वाळवंटात एकटी? दोघांना झालंय काय?"

पुढचे दोन दिवस तो घरात असून नसल्यासारखा होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सूनबाई वाळत घातलेले कपडे काढत होती, तो बाल्कनीत येऊन उभा राहिला. कठड्याचा निघालेला रंग नखानं खरवडत म्हणाला,

"मला कुणी विचारलंच नाही."

तिला आधी समजलंच नाही. "काय विचारलं नाही?"

"येतोस का, म्हणून."

"तू हसलास त्या दिवशी."

"हसलो. येणार नाही असं कुठे म्हणालो?" तो अजून खरवडतच होता. "तुझी वही मी रोज सकाळी वाचतो. मेकनेसला गाडी बदलावी लागत नाही. फेजच्या स्टेशनावरून जुन्या गावाच्या वेशीपर्यंतच गाडी जाते, पुढे चालत. वेशीपासून मुक्कामापर्यंत बाबांना दोनदा बसावं लागेल. सगळं पाठ आहे मला."

कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरून सूनबाई उभी राहिली. नऊ वर्षं एका घरात राहून माणसं एकमेकांना किती थोडं विचारतात, असं तिच्या मनात आलं, आणि त्यात आपणही आलोच, हेही आलं.

"चल ना मग," ती म्हणाली. "रजा मिळेल?"

"मागून ठेवलीय." मग जरा थांबून, "वाळवंटात येऊ तुझ्याबरोबर?"

आता खरं तर हो म्हणणं सोपं होतं. नवरा आपण होऊन विचारतोय, हे नऊ वर्षांत किती वेळा झालं असेल? पण तिच्या डोळ्यांसमोर ती पावलांची ओळ आली. एकच ओळ.

"रागावू नकोस," ती म्हणाली. "तिथे मला एकटीला जायचंय. का ते मलाही नीट सांगता येणार नाही."

त्यानं नखानं रंगाचा आणखी एक पोपडा काढला. शाळेत असताना प्रत्येक सुट्टीत बापानं त्याला सांधे भरायला नेलं होतं, आणि तेव्हाच त्यानं ठरवलं होतं की फरशीचं तोंड पुन्हा बघायचं नाही. हे तिला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यानं सांगितलं होतं.

"बरं," तो म्हणाला. "मग मी बाबांजवळ बसतो."

"बाबांना कुणी नकोय."

"म्हणूनच."

थंडी सरता सरता ते तिघं निघाले. निघायच्या दिवशी मिस्त्री चोपन्नच्या चोपन्न पायऱ्या उतरले. मधे एकदाच बसले, मावशींच्या खुर्चीवर. मावशींनी त्यांना गुडघ्याला बांधायला आतून कापूस भरलेल्या दोन पट्ट्या शिवून दिल्या होत्या. "तिकडे जमिनीवर बसताना लागतील," म्हणाल्या, आणि मशीनकडे वळल्या.

फेजला कारखान्याच्या दारात सूनबाईनं दोघांना सोडलं. आत अंधारी खोली, जमिनीवर पाय पसरून बसलेले कारागीर, टक टक टक असा छिन्न्यांचा आवाज. मिस्त्री तिच्याकडे न बघता आत गेले. तिला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिची गाडी पहाटेपासून चालत होती. डोंगर आले, देवदाराची झाडं आली, मग झाडं संपली. मग रस्त्याच्या कडेची घरं संपली. संध्याकाळी मुक्कामाच्या माणसानं तिला वाळूच्या पायथ्याशी आणून सोडलं आणि हातानं वरची दिशा दाखवली. ती जोडे काढून चढू लागली. वाळू वरून गार होती, आत बोटं रुतली की ऊबदार. दोन पावलं वर जावं तर एक खाली यावं. मधेच तिला हसू आलं. चोपन्न पायऱ्या केव्हाच झाल्या होत्या आणि अजून कॅसाब्लांकाही आलं नव्हतं.

माथ्यावर पोचली आणि बसली. समोर काहीच नव्हतं. म्हणजे वाळूच होती, एकामागे एक, गुलाबी, मग तांबूस, मग ज्या रंगाला तिच्या दातांच्या छटा जुळवायच्या पट्टीत आकडा नव्हता असा रंग. नजर निघाली ती परत आलीच नाही. किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. तिच्या मनात कुठलाच विचार नव्हता, आणि विचार नाही हेही तिच्या लक्षात नव्हतं.

तिसरा दिवसही तिनं तिथेच काढला. मावळतीला, पुन्हा त्याच माथ्यावर, तिनं फोन लावला. रेंज येत-जात होती.

"पोचलीस?" नवऱ्याचा आवाज आला.

"कालच. बाबा कसे आहेत?"

"भांडतायत."

"कुणाशी?"

"इथल्या म्हाताऱ्या कारागिराशी. सकाळपासून. तो एक तुकडा ठेवतो, बाबा उचलतात, घासतात, परत ठेवतात. मग तो उचलतो."

"कुठल्या भाषेत भांडतायत?"

"आपापल्या." मागे खरंच दोन म्हातारे आवाज एकमेकांवर चढलेले ऐकू येत होते, आणि त्यांच्यामधून ती छिन्नीची टक टक. "मलाही दिलंय काम. निळे वेगळे काढतोय. हजारभर झाले. यात आठ तऱ्हेचे निळे असतात, तुला माहीत होतं?"

"नाही."

"मलाही नव्हतं." तो जरा थांबला. "दिसतंय कसं तिथे?"

सूनबाईनं समोर बघितलं. मग तिनं फोन नुसता हातभर पुढे धरला, वाळूवरून येणाऱ्या वाऱ्यात. पलीकडे तो ऐकत राहिला.